घरून आणलेलं पाणी

माझ्या सासऱ्यांइतका अवघड माणूस अख्ख्या लातूर जिल्ह्यात दुसरा झाला नाही, आणि झालाच असेल तर त्याला जावई नसणार. अवघड म्हणजे रागीट किंवा खाष्ट नव्हे. खाष्ट सासरा परवडतो. त्याच्यापुढं मान खाली घालून 'हो मामा' म्हटलं की भागतं. माझे सासरे पडले नको तितके सज्जन, आणि सज्जन माणूस एकदा तत्त्वाला चिकटला की त्याला सोडवायला ब्रह्मदेव खाली उतरला तरी तोही दमून परत जायचा. बरं, तत्त्वं तरी किती असावीत! सकाळी कपाळाला विभूती लावल्याशिवाय कोणाशी बोलायचं नाही. वजन करताना काट्याकडं बघायचं, गिऱ्हाइकाच्या तोंडाकडं नाही. कोणाच्याही घरी गेलं की दारातल्या चपला आधी जोडीजोडीनं सरळ करायच्या, मग 'शरणार्थी' असा लिंगायती नमस्कार घालून आत पाऊल टाकायचं. आणि या सगळ्यांच्या वरचं तत्त्व म्हणजे, लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही.

ही रीत काही त्यांनी शोधून काढलेली नाही. आमच्याकडच्या जुन्या घरांतून ती अजून आहे, पण लोक तिच्यातून वाट काढतात. कोणी म्हणतं जेवण चालत नाही, चहाला काय होतंय? कोणी शेजारच्या घरातून तांब्या मागवतं. कंधारच्या माझ्या एका चुलत्यानं तर लेकीच्या घरी पाहुणचार झोडताना 'हे पाणी महानगरपालिकेचं आहे, लेकीचं नाही' असा निवाडा दिला होता. माझ्या सासऱ्यांना असल्या पळवाटा ठाऊकच नव्हत्या. ते देवणीहून एसटीनं यायचे, काखेला कापडी पिशवी, पिशवीत सासूबाईंनी बांधून दिलेली भाकरी आणि स्टीलची एक पाण्याची बाटली. सोफ्याच्या अगदी कडेला बसायचे, लेकीची चौकशी करायचे, माझ्या नोकरीची चौकशी करायचे, आणि तहान लागली की बाटली काढायचे. आमच्या लग्नाला सात वर्षं झाली होती. मूल नव्हतं. डॉक्टर झाले, नांदेड झालं, हैदराबाद झालं. नातेवाइकांनी विचारायचं ते सगळं विचारून घेतलं. सासऱ्यांनी मात्र या विषयावर एका शब्दानं कधी तोंड उघडलं नाही. पण त्या बाटलीचं झाकण फिरलं की त्याचा करकर आवाज होई, आणि माझी बायको सुवर्णा गॅसवरची भाजी बघायच्या निमित्तानं आत निघून जाई. गॅसवर भाजी असो वा नसो.

देवणी म्हटलं की लोकांना देवणी जातीचे बैल आठवतात. मला सासऱ्यांचं किराणा दुकान आठवतं. बाजाराच्या रस्त्यावर भाड्याच्या जागेत बत्तीस वर्षं ते चाललं. एवढीएवढीशी जागा, पण लाइट गेली तरी हात घालून नेमका जिऱ्याचा डबा काढतील अशी मांडणी. प्रत्येक डब्याचं तोंड समोर. "डब्यानं गिराईकाकडं बघाय पायजे," असं ते म्हणायचे, "पाठ करून हुबारलेल्या डब्याला कोन इच्यारतंय?" आणि जसे डबे पाठ, तशी गावातली घरं पाठ. कोणाकडं किती माणसं, कोणाची सासू गावाला गेली, कोणाची सून माहेराहून आली, सगळं डोक्यात. एखादी बाई चार किलो साखर मागायची आणि हे दोनच किलो बांधून द्यायचे. "पोरं गेली न परीक्षेला लातूरला? मग कोन खातंय चार किलो?" गिऱ्हाइकाच्या घरात माल सडला, डाळीला भुंगा लागला, तर त्याचं पाप दुकानदाराच्या माथी, अशी त्यांची पक्की समजूत. मागितल्यापेक्षा कमी विकणाऱ्या माणसाचं दुकान बत्तीस वर्षं कसं चाललं, हे व्यापाराच्या कुठल्याच शास्त्रात बसत नाही. पण चाललं खरं, कारण त्याची सवय झालेली माणसं दुसऱ्या दुकानात जाऊन 'किती घेऊ?' हे कोणाला विचारणार?

मग जागेच्या मालकाला तिथं तीन मजली कॉम्प्लेक्स बांधायचं सुचलं. सासऱ्यांनी तक्रार केली नाही. उरलेला माल वाटून, विकून संपवला, आणि शेवटच्या दिवशी रिकाम्या फळ्या ओल्या फडक्यानं पुसून मग कुलूप लावलं. पाडायच्या दुकानाच्या फळ्या पुसणारा माणूस मी तो पहिलाच पाहिला.

दुकान गेलं आणि हात रिकामे झाले. बत्तीस वर्षं सतत काही ना काही लावणारे हात; ते स्वस्थ कसे बसणार? पहिला हल्ला सासूबाईंच्या स्वयंपाकघरावर झाला. महिन्याभरात तिथले सगळे डबे तीनदा नव्यानं मांडले गेले. मठात दर्शनाला गेले की बाहेरच्या चपला मापाप्रमाणं लागायच्या, लहान पुढं, मोठ्या मागं, आणि दर्शन घेऊन आलेले भक्त आपली जागा सोडून गेलेली चप्पल शोधत अर्धा तास अनवाणी फिरायचे. एका साखरपुड्यात तर त्यांनी आहेराची पातळं रंगाप्रमाणं लावून ठेवली, आणि कोणतं कोणाकडून आलं याचा पत्ताच लागेना. शेवटी सासूबाईंचा मला फोन आला. "जावईबापू, तुमच्या मामाला कुटंतरी कामाला लावा. मला माझ्या घरात चहापत्ती सापडना झालीय." हे हसत हसत सांगता सांगता त्या मध्येच थांबल्या आणि म्हणाल्या, "दिवसभर हाताकडं बघत बसतेत ओ." ते ऐकून मलाही हसू येईना.

मी लातूरच्या एका मोठ्या किराणा मार्टमध्ये सुपरवायझर आहे. आधी नांदेडच्या शाखेत होतो, मग इकडं बदली झाली. तर त्याच सुमारास आमच्या मार्टच्या दारावर 'मर्चंडायझर पाहिजेत' असा कागद लागला. नाव भारदस्त असलं तरी मर्चंडायझर म्हणजे रॅकवर माल लावणारा माणूस. गोडाऊनमधून खोकी आणायची, जुना माल पुढं ओढून नवा मागं सरकवायचा, कंपनीकडून येणाऱ्या नकाशाप्रमाणं पुडे ओळीत उभे करायचे. मुलाखतीच्या दिवशी मी पाहिलं तर बाकावर कानात वायरी घातलेले अकरा जण बसलेले, आणि बाराव्या जागी पांढरा सदरा, टोपी, विभूती आणि मांडीवर कापडी पिशवी. त्यांना बाजूला घेऊन म्हटलं, "मामा, अहो मला आधी सांगायचं तरी!" ते शांतपणे म्हणाले, "सांगितलं आसतं तर वशिला झाला आसता."

मॅनेजर साहेब पुण्याचे, हिशेबी पण खुल्या मनाचे. त्यांनी वयाकडं बघत विचारलं, "अनुभव किती?" बाकीच्यांचा सहा महिने, वर्ष असा होता. सासरे म्हणाले, "बत्तीस वरीस." साहेबांनी गंमत म्हणून चार डाळी वाट्यांत मागवल्या आणि यांना डोळे मिटायला सांगितलं. सासऱ्यांनी बोटांत डाळ घोळवली आणि ही कोणती, ती कोणती हे तर सांगितलंच, वर तिसऱ्या, तुरीच्या वाटीत बोट ठेवून म्हणाले, "ह्यात जुन्यात नवी मिसळल्याली हाय. तुमाला फसिवलंय कुनीतरी." त्या दिवशी नोकरी सासऱ्यांना लागली आणि तुरीची पोती व्यापाऱ्याकडं परत गेली. अट एकच, तीन महिने काम बघायचं आणि मग कायम करायचं की नाही ते ठरवायचं. सासऱ्यांनी या तीन महिन्यांना स्वतःचं नाव ठेवलं. "तीन म्हैने कच्चा," ते म्हणाले, "मग पक्का."

मला एक उलगडत नव्हतं. असंच मार्ट उदगीरलाही निघालेलं होतं, आणि देवणीहून उदगीर कितीतरी जवळ. मी तसं सुचवलं, तर म्हणाले, "उदगीरला माझं कोन हाय?" लेकीच्या घरी राहायचा तर प्रश्नच नव्हता. त्यांनी आमच्यापासून दोन गल्ल्यांवर एक खोली घेतली आणि सासूबाईंना चहापत्तीच्या डब्यासकट घेऊन आले.

पहिल्या दिवशीची गोष्ट मार्टमध्ये अजून सांगतात. दुकानाच्या उंबरठ्याला हात लावून मगच आत जायचं, ही बत्तीस वर्षांची सवय. आमच्या मार्टला उंबरठा नाही; काचेचं आपोआप सरकणारं दार आहे. सासरे वाकले, दार उघडलं. खाली हाताला लागेल असं काहीच नाही, म्हणून ते दोन पावलं मागं सरले, दार मिटलं. परत पुढं झाले, परत उघडलं. असं चार वेळा झाल्यावर आत उभी असलेली सगळी मंडळी काम सोडून बघू लागली. शेवटी दाराखालच्या लोखंडी पट्टीला त्यांनी बोटं लावली, ती कपाळाला नेली आणि आत आले. कंपनीचा लाल टी-शर्ट त्यांनी सदऱ्यावरून घातला, आणि कंपनीची टोपी घडी करून खिशात ठेवली, कारण डोक्यावर आधीच एक होती.

मार्टमध्ये मी त्यांचा वरिष्ठ. म्हणजे माझीच पंचाईत. मी रॅकच्या बाजूला आलो की ते हातातलं खोकं खाली ठेवून उभे राहायचे आणि "साहेब" म्हणायचे. बाहेर रस्त्यावर पाऊल पडताच "जावईबापू". मधल्या काचेच्या दारात नेमकं काय म्हणावं, हे त्यांना शेवटपर्यंत ठरवता आलं नाही, म्हणून तिथं ते नुसते खाकरायचे. काम मात्र असं की नाव ठेवायला जागा नाही. नकाशा इंग्रजीत होता. त्यांनी तो रंगांवरून पाठ केला आणि पुडे दोरी लावल्यासारखे उभे केले. तरण्या मुलांना ते रागवत नसत. नुसते त्यांच्या मागून जाऊन पाठमोरे डबे वळवत राहत, आणि आठवड्याभरात मुलं आपणहून डबे वळवायला लागली. सगळे त्यांना मामा म्हणायला लागले. एकच गोष्ट कोणाला कळत नव्हती. मार्टमध्ये थंड पाण्याचं मशीन आहे, पण मामा त्याला शिवत नव्हते. दुपारी खोक्यावर बसून ते घरच्या बाटलीतलं कोमट पाणी प्यायचे. मी म्हटलं, "मामा, हे काही माझं घर नाही. मालक मुंबईला असतो." ते म्हणाले, "तुमी बसता न हितं? मग तुमचंच." आणि झाकण फिरवता फिरवता पुढं म्हणाले, "अजून कच्चा हाव, साहेब. पक्का झालो की बघू." मी हसून सोडून दिलं.

कामात खोट नव्हती, ती स्वभावात होती. माल लावायच्या ठिकाणी गिऱ्हाइकंही येतात, आणि त्यांच्या हातात ट्रॉली असते, हे सासऱ्यांच्या लक्षात आलं तिथून माझे दिवस फिरले. पहिला बळी एक निवृत्त गुरुजी, मूळचे देवणीचेच. गुरुजींनी क्रीमच्या बिस्किटांचे सहा पुडे ट्रॉलीत टाकले होते. सासऱ्यांनी प्रेमानं रामराम घातला आणि भर गर्दीत म्हणाले, "गुर्जी, तुमाला तर शुगर हाय न?" आणि सहाही पुडे काढून रॅकवर लावले, तोंड समोर करून. गुरुजींनी तक्रारवहीत सुवाच्य अक्षरात दोन पानं लिहिली. परिच्छेदसुद्धा पाडले होते.

आता सासऱ्याला कानउघाडणी कशी करायची, हे कोणत्या ट्रेनिंगमध्ये शिकवतात? मी कपडे धुण्याच्या पावडरीच्या रॅककडं तोंड केलं आणि त्या पावडरीला उद्देशून म्हणालो, "गिऱ्हाइकाच्या ट्रॉलीला हात लावायचा नाही, असा इथला नियम आहे." सासऱ्यांनीही पावडरीकडंच बघत उत्तर दिलं, "बराबर हाय, साहेब." पंधरा दिवस बरे गेले. मग एके दिवशी एक बाई काउंटरवर आल्या त्या तणतणतच. "तुमचा मानूस माज्या ट्रॉलीतनं सामान काढून राहिलाय! पगार कशाचा देता त्याला, माल विकायचा का परत ठिवायचा?" झालं होतं ते असं. बाईंनी पाच किलो रवा घेतला होता. यांनी घरी किती माणसं ते विचारलं. त्या म्हणाल्या तिघं. "तिघाला पाच किलो? आळ्या पडतील की ओ माय," असं म्हणून यांनी चार पुडे परत रॅकवर लावले. मी बाईंची माफी मागितली. सासरे शेजारी हात बांधून उभे होते. त्यांनीही माफी मागितली, आणि वर म्हणाले, "पर येक किलोच न्या."

तीन महिने भरले तसा मॅनेजर साहेबांनी मला एक छापील कागद दिला. कामाचा अहवाल. मांडणी कशी, वेळेवर येतात का, गिऱ्हाइकांशी वागणूक कशी, आणि खाली तीन चौकोन: कायम करावे, मुदत वाढवावी, बंद करावे. भरणार मी, सही माझी. साहेब म्हणाले, "ते तुमचे सासरे आहेत, मला माहीत आहे. म्हणूनच म्हणतो, नीट लिहा. दोन तक्रारी आहेत वहीत." मी तो कागद दोन दिवस बॅगेत घेऊन फिरलो. वागणुकीच्या रकान्यात 'चांगली' असा एक शब्द लिहिला की काम होत होतं, आणि तोच शब्द हातून उमटत नव्हता. तिसऱ्या दिवशी डबा काढताना सुवर्णाला कागद सापडला. तिनं तो वाचला, घडी घातली आणि म्हणाली, "खरं काय ते लिहा. खोटं लिहिलंत तर अप्पा स्वतः जाऊन साहेबांना सांगून येतील." एवढं बोलून ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. मग पाठमोरीच म्हणाली, "या तीन महिन्यांत ते परत पहिल्यासारखे दिसायला लागलेत हो."

संध्याकाळी सासरे आले. चपला सरळ केल्या, सोफ्याच्या कडेला बसले, पिशवी मांडीवर. मला म्हणाले, "तीन म्हैने भरले. कागद आला आसंल."

"आलाय, मामा."

"मी गिराईकाच्या सामानात हात घातला, ते ल्ह्या त्यात. दोनदा घातला. दोनी येळचं ल्ह्या."

मी म्हटलं, "मामा, ते लिहिलं तर नोकरी जाईल."

त्यांनी सवयीनं बाटली काढली, झाकणावर हात ठेवला आणि न उघडताच परत पिशवीत सारली. "जाऊ द्या. बत्तीस वरीस काटा धरलाय, मापात पाप केलं न्हाई. आता माझ्यापायी जावयानं खोटी सही केली, आसं नको. माझी जिम्मेदारी माझ्यावर." मग उठले. दारात चपला पायात सरकवताना खाली बघत म्हणाले, "मन लई होतं पर पक्कं व्हायचं." त्यांचा आवाज इतका पडलेला मी कधी ऐकला नव्हता. पुडे रॅकवर लावायच्या नोकरीत या माणसाचा एवढा जीव का अडकावा, ते मला तेव्हा समजलं नाही. मला नुसतं वाईट वाटलं, आणि ते जेवताना घासाघासाला वाटत राहिलं.

मी जेवण उरकून कागद भरला. सगळं खरं लिहिलं. गुरुजी लिहिले, बिस्किटं लिहिली, रवा लिहिला. आणि मग म्हटलं, खरं लिहायचं तर अर्धं कशाला? म्हणून पुढं लिहिलं, की रव्याची तक्रार करणाऱ्या बाई त्यानंतर दोनदा मार्टमध्ये आल्या आणि दोन्ही वेळा यांना शोधत आल्या. पहिल्यांदा उरलेला राग काढायला. दुसऱ्यांदा येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावास्येच्या आदल्या दिवशी, उद्या शेतात चाळीस माणसं जेवायला आहेत, भज्जीला बेसन किती लागेल आणि आंबिलीला ज्वारीचं पीठ किती, हे विचारायला. आणि यांनी सांगितलं तेवढंच सामान त्यांनी नेलं. गुरुजी आता बिस्किटांच्या रॅककडं येण्याआधी हे कुठं आहेत ते बघतात, हेही लिहिलं. खाली 'कायम करावे' या चौकोनात खूण केली आणि कंसात लिहिलं, 'मी यांचा जावई आहे, हे लक्षात घेऊन निर्णय व्हावा.'

साहेबांनी कागद दोनदा वाचला. मग सासऱ्यांना केबिनमध्ये बोलावलं आणि सरळ विचारलं, "मामा, यापुढं कोणाच्या ट्रॉलीत हात घालणार का?"

दुसरा कोणी असता तर 'नाही साहेब' म्हणून मोकळा झाला असता. सासरे विचार करत उभे राहिले. इतका वेळ उभे राहिले, की मीच मनातल्या मनात 'नाही म्हणा हो, नाही म्हणा' असा जप सुरू केला. शेवटी म्हणाले, "हात घालनार न्हाई. शबूद देतो. पर तोंड गप ऱ्हाईल का, त्ये न्हाई सांगता येत."

साहेब माझ्याकडं बघायला लागले, मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं. मग साहेब म्हणाले, "तोंडाबद्दल या कागदात रकाना नाही," आणि त्यांनी सही केली.

बाहेर आल्यावर सासऱ्यांना नावाची पट्टी मिळाली. ती त्यांनी टी-शर्टावर लावली, सरळ आहे ना म्हणून मला विचारून घेतलं. मला इतका आनंद झाला होता की मी थंड पाण्याच्या मशीनचा ग्लास भरून त्यांच्यापुढं धरला. "घ्या मामा. झालात पक्के." ते ग्लासाकडं बघून हसले. "हे न्हाई. सांजच्याला येतो."

संध्याकाळी दारात चपलांचा आवाज झाला. आत आले तेव्हा त्यांच्या काखेला पिशवी नव्हती. रिकाम्या हातांनी आलेले माझे सासरे मी त्याआधी कधी पाहिलेच नव्हते. त्या दिवशी ते सोफ्याच्या कडेला बसले नाहीत, चांगले मागं टेकून बसले, आणि स्वयंपाकघराकडं तोंड करून म्हणाले, "अव्वा, पानी आन गं."

देवणीला कर्नाटक हाकेच्या अंतरावर, म्हणून लेकीला ते लाडानं कानडीतलं अव्वा, म्हणजे आई, म्हणतात. सुवर्णा हात पुसत दारापर्यंत आली आणि तिथंच थांबली. तिला वाटलं, बाटली विसरले. "अप्पा, आईकडनं घेऊन येऊ का बाटली?"

"बाटली कशाला? तुज्या घरचं दे." मग तिच्याकडं न बघता, सगळं माझ्याकडं बघूनच बोलले. "मी आता हितं नुसता लेकीचा बाप न्हाई. जावयाच्या हाताखाली कामाला हाव, पक्का. कामाच्या मानसानं धन्याच्या घरचं पानी प्यालं तर कुठल्या कायद्यात बसत न्हाई? मी मठात इच्यारून घेतलंय. चार म्हैन्यामागंच इच्यारलंय."

चार महिन्यांमागं म्हणजे मार्टच्या दारावर भरतीचा कागद लागायच्याही आधी. रीत मोडली असती तर लेकीला वाटलं असतं, बापानं नातवंडाची वाट बघणं सोडलं. आणि पाळावी तर दर खेपेला ते झाकण करकरणार आणि लेक आत जाणार. सात वर्षं त्यांना ते दिसत होतं. जन्मभर कुठली पळवाट न घेतलेल्या माणसानं लेकीसाठी एक वाट शोधली होती, आणि त्या वाटेवर तीन महिने खोकी उचलली होती. आणि तीच वाट मापात पाप नको म्हणून माझ्यापुढं बसून सोडूनही दिली होती. मला हे सगळं एकदमच समजलं.

सुवर्णानं तांब्या आणला. देताना थोडं पाणी फरशीवर सांडलं. सासऱ्यांनी तांब्या वर धरून, ओठ न लावता, सगळा एका दमात रिकामा केला. तोंड पुसलं आणि म्हणाले, "गोड हाय पानी." नळाचं पाणी, चार दिवसांनी येणारं, टाकीत साठवलेलं. सुवर्णा पदर तोंडाला लावून आत गेली. या वेळी तेही तिच्या मागोमाग आत गेले. मी बाहेरच बसून राहिलो. थोड्या वेळानं आतून डब्यांचे आवाज यायला लागले, आणि रडण्यातच हसत ती म्हणाली, "अप्पा, नका ना, मला मग काही सापडत नाही!"

दोन वर्षं त्यांनी मार्टमध्ये काम केलं. मग गुडघे बोलायला लागले, आणि साहेबांच्या मागं लागून त्यांनी स्वतःच नोकरी सोडली. आता ते आणि सासूबाई देवणीला असतात. आम्हाला मूल झालं नाही. आता होईल असं आम्हीही धरत नाही. मार्टमध्ये पाठमोरा डबा दिसला की अजून कोणीतरी न सांगता तो वळवतो. सासरे महिन्या-दीड महिन्यानं एसटीनं येतात, काखेला पिशवी असते, पण तिच्यात लेकीसाठी काहीबाही असतं, बाटली नसते. एकदा मी सुवर्णाला म्हणालो, आता ते नोकरीवर नाहीत, त्या हिशेबानं त्यांना इथलं पाणी चालायला नको. ती म्हणाली, "खबरदार त्यांच्यापुढं बोललात तर." हा हिशेब बत्तीस वर्षं काटा धरलेल्या माणसाच्या ध्यानात आला नसेल, असं मला वाटत नाही. पण ते येतात, दारातल्या चपला सरळ करतात, आणि आत पाऊल टाकायच्या आधी हाक मारतात, "अव्वा, पानी आन गं." दर वेळी तहान लागलेली असतेच, असं नाही.